ओळखीची सिस्टिम नेमकी कोणाच्या ओळखीची?

व्यवस्था दुरुस्त करायची की बदलायची, या वादात आपल्या चळवळीच्या तीन पिढ्या गेल्या. गेले दोन महिने वसमतमधल्या आमच्या अभ्यासिकेत हाच वाद पुन्हा पेटला आहे. यावेळी कारण पक्ष नाही, निवडणूक नाही, स्मारकही नाही. कारण एक खेळ आहे. ज्यांना हसायचे त्यांनी आत्ताच हसून घ्यावे, कारण पुढचा मजकूर आम्ही गांभीर्याने लिहितो आहोत. मुले ज्याला इंग्रजीतून 'सिस्टिम' म्हणतात त्याला आपण मराठीत व्यवस्थाच म्हणतो, आणि हा योगायोग वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

खेळ काय आहे ते आधी सांगतो. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तू काय करतोस?" खेळाडू सांगतो. जे सांगितले ते जमले की फसले हे फासा आणि नियमांचे पुस्तक मिळून ठरवतात. या नियमांच्या संचाला सिस्टिम म्हणतात. यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत खपणारी सिस्टिम म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ती १९७४ साली बाजारात आणली. आपल्याकडच्या पोरांना ती 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे माहीत झाली. आमच्याकडे पुण्यात शिकणाऱ्या दोघांनी ती दिवाळीच्या सुट्टीत आणली आणि वर्षभर दर रविवारी ती खेळली गेली.

आता मुलांना ड्रॅगन नको झाला आहे. त्यांना आपल्या भागाची गोष्ट खेळायची आहे. हळदीचा बाजार, ऊसतोडीला गेलेले आईबाप, शिष्यवृत्तीचा अडकलेला अर्ज, पाण्याची टाकी कोणत्या गल्लीत बांधायची यावरून होणारी ग्रामसभा. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत. वाद पुढे सुरू होतो. एक गट म्हणतो, नियम पाठ झालेत तेच ठेवू. ऑर्कच्या जागी सावकार घालू, जादूच्या जागी कायद्याची कलमे घालू, झाले. दुसरा गट म्हणतो, गोष्ट बदलली तर नियमही बदलले पाहिजेत. दुसरी सिस्टिम घ्या. आमचे मत दुसऱ्या गटाच्या बाजूचे आहे. पण पहिल्या गटाचे म्हणणे खोडून काढण्याइतके सोपे नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहावे लागत आहे.

कोणतीही सिस्टिम काय मोजते ते आधी पाहावे. या खेळात प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर चिलखताचा आकडा, किती घाव सोसता येतील त्याचा आकडा, शस्त्रे, मंत्र. पुस्तकाची बहुतेक पाने मारामारी कशी करायची यावर खर्च झालेली आहेत. त्यात वाईट काही नाही. तो खेळच त्यासाठी आहे. पण तोच कागद घेऊन सावकाराच्या दारात गेले की काय होते? आमच्याकडे एकदा असा प्रयोग झाला. तिसऱ्याच मिनिटाला नववीतल्या एका पोराने विचारले, "सावकाराचे हिट पॉइंट किती?" सगळे खो-खो हसले. पोराचा प्रश्न मात्र बिनचूक होता. ज्या कागदावर फक्त घाव मोजायची सोय आहे, तो कागद प्रत्येक अडचणीचे उत्तर घाव हेच सुचवणार. व्याजाचा हिशेब मागणे, साक्षीदार उभा करणे, चार घरे एकत्र आणणे, यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. जनगणनेत कोणता रकाना ठेवायचा यावर आपण का भांडतो? ज्याचा रकाना नाही ते नंतर दिसत नाही, म्हणूनच ना?

दुसरा मुद्दा जन्माचा, आणि तो आपल्या वाचकांना जास्त भिडेल. १९८१ साली या खेळाची जी सोपी आवृत्ती निघाली तिच्यात माणूस जातीच्या पात्राला योद्धा, मांत्रिक, धर्मगुरू, चोर यांपैकी काहीही होता येत असे. ड्वार्फ मात्र फक्त ड्वार्फ. तोच त्याचा जन्म आणि तोच त्याचा धंदा. त्याला प्रगतीची कमाल पायरीही ठरवून दिलेली: ड्वार्फला बारावी, एल्फला दहावी, हाफलिंगला आठवी, माणसाला त्यापुढची वाट मोकळी. त्याआधी १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात तर स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा छापलेली होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या न झालेल्या भाषणात कामाची विभागणी आणि काम करणाऱ्यांची विभागणी यांतला फरक दाखवून दिला होता. तो समजावून सांगायला आम्हाला एम.ए.च्या वर्गात आठवडा लागला होता. आठवीच्या पोरांना हा ड्वार्फचा कागद दाखवला की पाच मिनिटांत समजतो.

इथे कोणी म्हणेल, अहो, ड्वार्फ अस्तित्वातच नसतात, त्यांच्यावर कसला अन्याय? बरोबर आहे. ड्वार्फवर अन्याय झाला असे आमचे म्हणणे नाहीच. कागद भरणारे पोर अस्तित्वात आहे, आणि त्याच्याकडून पहिल्यांदा काय भरून घेतले जाते याची आम्हाला चिंता आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हा खेळ जागेवर थांबलेला नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जन्मावरून घातलेली धंद्याची आणि पायरीची बंधने काढून टाकली. पण जन्मावरून गुण अधिक-उणे करणे राहिलेच. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्क पात्र घेतले की बुद्धीतून दोन वजा होत. ती वजाबाकी २०२० साली रद्द झाली. त्याच वर्षी गुण जन्माला न बांधता हवे तिथे लावण्याची मुभा आली, पण ऐच्छिक म्हणून. २०२४ च्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच गेला, त्या जागी 'स्पीशीज' आला, आणि गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. म्हणजे दुरुस्ती होते. बाहेरून बोलणारे लोक असले की होते. हे नाकारणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पण त्या ताज्या दुरुस्तीकडे जरा बारकाईने पाहा. पूर्वायुष्य 'शेतकरी' निवडले तर वाढ मिळू शकते ती ताकद, चिवटपणा आणि शहाणपण यांत. 'उमराव' निवडले तर ताकद, बुद्धी आणि छाप यांत. शेतकऱ्याच्या पोराच्या यादीत बुद्धी नाहीच. सूत्रधाराला स्वतःचे वेगळे पूर्वायुष्य बनवता येते हे खरे, पण छापील यादी ही अशी आहे. जन्माचा रकाना पुसला आणि घराण्याचा लिहिला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आयुष्यभर हेच सांगत होता की घरातून मिळालेली शिदोरी शाळेत गुणवत्ता म्हणून तपासली जाते. त्याला या पुस्तकात आयते उदाहरण मिळाले असते. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. ज्या घराचा पाया एका कल्पनेवर घातला आहे तिथे भिंत हलवली तरी पायाची रेघ वर येते, एवढेच.

आता पहिल्या गटाचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. तो असा: आपल्याच इतिहासात ओळखीचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरण्याचे काम झाले आहे आणि ते कमालीचे यशस्वी झाले आहे. सत्यशोधकांनी जलसा उभा केला तो तमाशाच्या सांगाड्यावर. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम गावाला पाठ होता. त्याच क्रमात त्यांनी भटशाही, सावकारी आणि शिक्षण यांवरचे प्रसंग बसवले. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. शृंगार वगळला, नमन बदलले, वगात राजाराणीच्या जागी पाणवठा आणि शाळा आली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचे लोकनाट्य केले. यांतल्या कोणीही पाश्चात्त्य नाटकाचा साचा आणून गावाला आधी तो शिकवत बसले नाही. मग आपण का शिकवत बसायचे?

हा युक्तिवाद आमच्याच एका कार्यकर्तीने मांडला आणि त्या दिवशी सभेत आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नंतर सापडले, आणि ते तिच्याच उदाहरणात होते. तमाशा कोणाच्या ओळखीचा होता? गावकुसाबाहेरच्या माणसाच्या. ढोलकी त्याच्याच हातात होती, सोंग त्यानेच केले होते, अपमानही त्यानेच सोसला होता. साच्यावर त्याची मालकी कोणी कबूल केली नसेल, पण हुकूमत त्याचीच होती. ज्याला साचा हाडामासाने ठाऊक आहे तोच तो मोडून-जोडून वापरू शकतो. आमच्या अभ्यासिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स कोणाला ठाऊक आहे? एकवीस जणांपैकी सहा जणांना. सहाही मुलगे. सहाही जणांकडे स्वतःचा फोन आहे आणि इंग्रजी वाचायची सवय आहे. बाकीचे पंधरा जण, ज्यांत सगळ्या मुली आल्या, वर्षभर त्या सहांना विचारून खेळत आहेत. "मी असे करू शकते का?" या प्रश्नाचे उत्तर दर वेळी टेबलाच्या एकाच टोकाकडून येते.

म्हणून 'ओळखीची सिस्टिम' हा शब्दप्रयोग ऐकला की आमचे कान टवकारतात. ओळखीची म्हणजे कोणाच्या ओळखीची? ज्यांना ती येते त्यांना ती सोपी वाटते, आणि सोपी वाटते म्हणून ती सर्वांची वाटते. पंक्तीत वाढणाऱ्याला पंक्तीचा क्रम कधीच जाचक वाटत नाही. नवी सिस्टिम आणली तर पहिल्या दिवशी एकवीस जण सारखेच अडाणी असतील, आणि आमच्या मते नव्या सिस्टिमचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. तिचे नियम कितीही साधारण असले तरी चालेल. पहिला रविवार समान असेल.

सहा जणांचे नुकसान होईल, हे कबूल. त्यांतल्या एकाने आपले पात्र सातव्या पायरीपर्यंत आणले आहे, त्याची वही भरत आली आहे, त्या वहीत त्याने स्वतः काढलेली चित्रे आहेत. त्याला 'आता हे विसर' म्हणणे क्रूर आहे. विसरायची गरजही नाही. तो खेळ त्याला हवा तेव्हा खेळता येईल. आमचा वाद वसमतच्या गोष्टीसाठी कोणते नियम घ्यायचे एवढ्यापुरताच आहे. शिवाय दुरुस्तीचा एक तोटा त्या सहांनाच सोसावा लागतो, तो त्यांच्या लक्षात आलेला नाही. ओळखीचे शब्द ठेवून त्यांचे अर्थ बदलले की जुना खेळाडू नव्यापेक्षा जास्त अडखळतो. 'चिलखताचा आकडा' आता 'समाजातली पत' समजायचा, 'घाव' म्हणजे 'हिंमत खचणे' समजायचे, 'लांब विश्रांती' म्हणजे 'तारीख पुढे पडणे' समजायचे. इतके सगळे समजायचे असेल तर नवे पान शिकणे काय वाईट?

आणि ते खरोखरच पानभर असते. पहिली सिस्टिम शिकताना ज्याने तीनशे पाने उलटली त्याला वाटते की प्रत्येक सिस्टिमला तीनशे पाने लागतात. जॉन हार्परचा २०१३ मधला 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा खेळ एका कागदावर मावतो. पात्राला एकच आकडा असतो. अ‍ॅव्हरी ऑल्डर यांच्या 'द क्वाएट इयर' मध्ये सूत्रधारच नाही: सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात आणि पत्त्यांच्या जोडातले एकेक पान उलटत वर्षाचे बावन्न आठवडे जगतात. पत्ते वसमतमध्ये कुठेही मिळतात. वीस बाजूंचा फासा इथे मिळत नाही, तो मागवावा लागतो. आम्ही वर्षभर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काम भागवले.

आमची पसंती मात्र दोन साध्या फाशांच्या पद्धतीला आहे. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर या जोडप्याच्या २०१० मधल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने ती रूढ केली. लुडोचे दोन फासे टाकायचे. बेरीज सहा किंवा कमी आली तर सूत्रधार अडचण वाढवतो. सात ते नऊ आली तर काम होते, पण किंमत मोजावी लागते. दहा किंवा जास्त आली तर काम निर्वेध होते. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी पंधरा पहिल्या गटात, पंधरा मधल्या गटात आणि सहाच शेवटच्या गटात पडतात. हे गणित मुलांनी स्वतः फळ्यावर मांडले. पात्राच्या अंगी एखादा गुण असेल तर बेरजेत एक-दोन वाढतात आणि तराजू हलतो.

या पद्धतीतला मधला पंधराचा गट आम्हाला फार मोलाचा वाटतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये मूळ नियमाने वार लागतो किंवा चुकतो. आपल्या माणसाच्या आयुष्यात असे क्वचित होते. दाखला मिळतो, पण शेवटची तारीख उलटून गेल्यावर. शिष्यवृत्ती जमा होते, पण खाते आईच्या नावावर आणि आई कारखान्यावर. ग्रामसभेत ठराव होतो, पण बोलणाऱ्याच्या भावाचे रोजगाराचे काम बंद होते. 'झाले, पण' हा आपला रोजचा अनुभव. ज्या सिस्टिममध्ये तो अपवाद नसून सर्वाधिक पडणाऱ्या निकालांपैकी एक आहे, ती आमच्या गोष्टीला जवळची. शिवाय तिच्यात हालचालींना आपण नावे देऊ शकतो. मुलींनी आत्ताच यादी केली आहे: साहेबाला गाठणे, रांग धरणे, शब्द टाकणे, कागद वाचून दाखवणे, सोबत उभे राहणे. शेवटच्या हालचालीत दुसऱ्याचा फासा आपण टाकतो आणि फसला तर किंमत दोघांनी मोजायची. ही कल्पना दहावीतल्या मुलीची. पुस्तकात ती आहे की नाही हे आम्ही तपासलेले नाही आणि तपासणारही नाही.

'फेट' या सिस्टिममधूनही एक गोष्ट उचलावी असे वाटते. तिथे पात्राचे वर्णन आकड्यांऐवजी वाक्यांनी होते आणि प्रत्येक वाक्य कधी उपयोगी पडते, कधी अडचणीत आणते. 'घरातली पहिली पदवीधर' हे वाक्य घ्या. तालुक्याच्या कार्यालयात ते बळ देते, आणि घरी आल्यावर तेच गळ्यात पडते, कारण आता सगळ्या भावकीचे अर्ज तिनेच भरायचे. आपल्या माणसाचे वर्णन बेरीज-वजाबाकीने होत नाही. याला तीन, त्याला उणे दोन, असले आकडे आपल्या वाट्याला पुष्कळ आले.

परवान्याचा मुद्दाही निघाला होता, तो लगेच संपवतो. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या मालक कंपनीने जुना खुला परवाना बदलण्याचा घाट घातला, जगभरच्या खेळाडूंनी आरडाओरड केली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने मूळ नियमांचा मसुदा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. श्रेय देऊन त्याचे मराठी भाषांतर कोणीही करू शकतो. तेव्हा कायद्याच्या भीतीने सिस्टिम बदला, असे आमचे म्हणणे नाही. पण चारशे पानांच्या आसपासचा मसुदा मराठीत आणण्याइतके हात आमच्याकडे नाहीत. असते तर ते दुसऱ्या कामाला लावले असते.

आता बाबासाहेबांचे नाव या वादात दोन्ही बाजूंनी घेतले गेले, त्यावर दोन शब्द. खेळाची बरोबरी धर्मांतराशी करू नये हे आम्हालाही कळते. तरीही उदाहरण दिले गेलेच आहे तर ते पूर्ण द्यावे. १९२७ ला महाड, १९३० ला काळाराम मंदिर, १९३५ ला येवल्याची घोषणा, १९५६ ला नागपूर. दुरुस्तीचे दरवाजे ठोठावून पाहिल्यावर घर सोडले, हे सगळे सांगतात. पुढचे कमी लोक सांगतात. नव्या घरात जातानाही त्यांनी ते जसेच्या तसे घेतले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची परंपरागत कथा त्यांनी स्वीकारली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा त्यांनी तिथे आणला. म्हणजे बदलले आणि बदललेलेही घडवले. आमच्या दोन गटांना वाटते की यांतले एकच निवडायचे आहे. नवी सिस्टिम घेतल्यावर दुरुस्तीचे काम सुरू होते, आणि ते करायला पहिल्या गटातलेच सहा जण सर्वांत उपयोगी ठरणार आहेत, कारण नियम कुठे गळतो हे त्यांना चटकन दिसते.

एक काळजी मात्र कोणतीही सिस्टिम घेतली तरी उरते. आपल्या गावाची गोष्ट खेळायची म्हणजे कोणीतरी पाटील होणार, कोणीतरी हॉटेलात वेगळा कप ठेवणारा होणार. खऱ्या आयुष्यात ज्याने तो कप पाहिला आहे त्याच्यासमोर दुसऱ्या पोराने तो मजेत पुढे सरकवला तर? लियाम बर्क यांच्या 'डॉग ईट डॉग' या वसाहतवादावरच्या खेळात एक विलक्षण नियम आहे: टेबलावर जो सर्वांत श्रीमंत असेल त्यानेच सत्ताधाऱ्याचे पात्र घ्यायचे. श्रीमंत कोण हे ठरवतानाच टेबलावर जी शांतता पसरते तिथून खेळ सुरू होतो. आमच्याकडे हा नियम लागू करावा का, यावर आमच्यातच एकमत नाही. चौदा वर्षांच्या मुलांना घरची मिळकत मोजायला लावणे आम्हाला पटत नाही. दुसरी एक साधी सोय मात्र लगेच घेतली पाहिजे. जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी सुचवलेली ती फुली-चिठ्ठी. टेबलाच्या मध्ये फुली काढलेला कागद ठेवायचा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबतो आणि कारण विचारायचे नाही. सूत्रधाराने आधी स्वतः एकदा हात लावून दाखवावा, म्हणजे मुलांना लाज वाटत नाही.

येत्या रविवारी ग्रामसभेचा प्रसंग नव्या नियमांनी खेळून पाहायचे ठरले आहे. सूत्रधार त्या सहांपैकी कोणी नसेल, एवढी एकच अट आम्ही घातली आहे. लुडोचे फासे आणले आहेत. टाकी कोणत्या गल्लीत बांधायची ते अजून कोणालाच माहीत नाही.